रिव्हायव्हल हार्प्सिकॉर्डवर दांग्लबेर: स्वर टिकतच नाही, दोष वाद्याचा की हाताचा?

मंदसप्तक

मंडळी, प्रश्न लांब आहे, पण वाद्य नेमकं कसं आहे ते कळल्याशिवाय तुम्हाला उत्तर देता येणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

बारा वर्षं मी पियानो वाजवला. दीड वर्षापूर्वी एका वयस्कर शिक्षिकांनी घर बदलताना त्यांचा हार्प्सिकॉर्ड मला दिला (यात पियानोसारखी हातोडी नसते, छोट्या नख्या तारा छेडतात). १९६० च्या दशकातला, कारखान्यात बनलेला, म्हणजे जुन्या वाद्याचा आधुनिक ‘रिव्हायव्हल’ अवतार. दोन कीबोर्ड, सहा पेडल. तारांचे संच असे: खालच्या कीबोर्डवर सोळाफुटी (एक सप्तक खाली वाजणारा) आणि आठफुटी (नेहमीच्या सुरात), वरच्यावर दुसरा आठफुटी आणि चारफुटी (एक सप्तक वर), शिवाय ल्यूट (तारांना फेल्ट टेकवणारा) आणि दोन्ही कीबोर्ड जोडणारा कपलर. नख्या चामड्याच्या, फक्त वरच्या आठफुटीत कुणीतरी कधीतरी प्लास्टिकच्या बसवल्यात. पट्ट्या पियानोइतक्याच रुंद आणि चांगल्याच खोल जातात. झाकण उघडलं की जाड तारा दिसतात. वाकून खालून पाहिलं तर पियानोसारखे जाडजूड वासे, आणि तळाला फळीच नाही.

बाखच्या इन्व्हेन्शन्स यावर बऱ्या वाजल्या. स्कार्लात्तीच्या चार-पाच सोनाटांनी तर हुरूप आला. मग मी दांग्लबेर या फ्रेंच संगीतकाराच्या १६८९ च्या संग्रहाकडे वळले. त्यातला डी मायनरचा सूट (नृत्यरचनांची मालिका) मी रेकॉर्डिंगवर इतक्यांदा ऐकलाय की अलमांद मला तोंडपाठ आहे. आणि तिथेच सगळं अडलं.

अलमांद आणि सारबांद या दोन्ही नृत्यरचनांत तेच होतं. कॉर्ड लावला की थप् असा आवाज येतो, आणि पुढचा स्वर यायच्या आत मागचा विझून गेलेला असतो. अलंकारांचे हाल तर विचारू नका. लांब ट्रिल (शेजारचे दोन स्वर भराभर आलटून पालटून) घेतली की तिसऱ्या-चौथ्या फेरीला एखादी पट्टी नुसतीच खाली जाते, तार छेडलीच जात नाही. म्हणून जोर लावते, तर खडखडाट वाढतो. दोन्ही आठफुटी जोडून पाहिले, चारफुटी घातला, शेवटी सोळाफुटीही घातला. आवाज मोठा झाला, पण स्वर काही लांबला नाही. रेकॉर्डिंगवर जी एक लाट ऐकू येते, एका कॉर्डमधून दुसरा उमलतो, ती माझ्याकडे येतच नाही. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर सुटे सुटे दगड ठेवल्यासारखं वाटलं. त्या दिवशी खरंच रडू आलं.

आता माझ्यापुढे चार वाटा आहेत. सगळ्या नख्या काढून डेलरिन प्लास्टिकच्या बसवाव्यात का? ए स्वराचा सूर ४४० हर्ट्झवरून ४१५ वर उतरवावा का? की हे वाद्य ह्या संगीतासाठी नाहीच असं मानून जुन्या पद्धतीच्या प्रतिकृतीसाठी पैसे साठवायला लागावं? चौथी शक्यता अशी की वाद्य ठीक आहे आणि माझा पियानोचा हातच आड येतोय. तसं असेल तर स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

जॅकदुरुस्ती

तुम्ही वर्णन नीट केलंय, त्यामुळे सांगणं सोपं झालं. मी अशी वाद्यं दुरुस्त करतो.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू: स्वर लवकर विझतो याचं मोठं कारण नख्यांमध्ये नाही. या काळातल्या कारखान्यांनी हार्प्सिकॉर्ड पियानोच्या धर्तीवर बांधला. जाड तारा, जाड साउंडबोर्ड, त्याला भक्कम वासे, जड चौकट आणि उघडा तळ. रुकर्स किंवा ब्लांशे या जुन्या वाद्यकारांची वाद्यं हलकी, तळ बंद असलेली, बारीक तारांची. बारीक तार हलक्या साउंडबोर्डला सहज हलवते. तुमच्याकडे जाड तारेची शक्ती जड लाकडाला हलवण्यातच खर्च होते. हे नख्या बदलून बदलत नाही. उलट जाड तारेला डेलरिनची नखीही जाडच लागते, आणि मग खटका अजून टोचतो. म्हणून सरसकट नख्या बदलू नका. निदान आत्ता तरी.

४१५ चं म्हणाल तर हे वाद्य ४४० साठी आखलंय. ४१५ वर उतरवलं की तारांचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. आधीच सुस्त असलेल्या तारा अजून ढिल्या पडतील. ते करू नका.

पण विझण्याचा काही भाग दुरुस्त होण्यासारखा असू शकतो, कारण तुम्ही “थप्” हा शब्द वापरलात. ल्यूटचं पेडल बंद असताना ल्यूटची फेल्ट लावलेली पट्टी तारांपासून पूर्ण मागे सरकते का ते बघा. पेडलच्या सांध्यात ढिलाई आली की ती अर्ध्यावर अडकते आणि फेल्ट काही तारांना चाटत राहतो. बॅटरी घ्या, बाजूने प्रकाश टाका आणि फेल्ट आणि तार यांच्यामध्ये कागदाचा कपटा सरकवून पाहा. एकेक स्वर तपासा. ही गोष्ट वाजवणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण त्या वाद्याचा आवाज असाच असणार असं कानाने गृहीत धरलेलं असतं.

ट्रिलचं असं. पट्टी अगदी सावकाश, जितकी सावकाश जमेल तितकी सोडा. नखी परत येताना तारेवर टेकून लटकते का? लटकत असेल तर कारणं तीन: चामडं कडक झालंय, जीभ (जॅकमधला नखी धरणारा हलता तुकडा) जागेवर आणणारी स्प्रिंग फार ताठ आहे, किंवा अख्खं रजिस्टर (एका तारसंचाच्या जॅकची, म्हणजे पट्टीवर उभ्या काड्यांची रांग) तारांच्या फार जवळ आलंय. तिसरं कारण सगळ्यांत सोपं, पेडलच्या आडणीचा स्क्रू थोडा फिरवला की रजिस्टर मागे येतं. फ्रांस्वा कुपरँ या संगीतकाराने १७१६ साली लहान मुलांना शिकवताना वाद्याच्या नख्या अगदी हलक्या ठेवायला सांगितल्या होत्या, हात ताठरू नये म्हणून. मोठ्यांनाही तो सल्ला लागू पडतो. आवाज थोडा कमी होऊ द्या.

जॅकच्या स्क्रूंना मात्र इतक्यात हात लावू नका. एक फिरवला की दुसरा बिघडतो, आणि अशा वाद्यात जॅक दोनशेच्या वर असतात.

आणखी एक गोष्ट, जिला खर्च नाही. सूर समान टेम्परामेंटमध्ये, म्हणजे बाराही स्वरांची अंतरं सारखी ठेवून लावता का? डी मायनरच्या त्या सूटसाठी पाव-कॉमा मीनटोन ही जुनी सूरपद्धत लावून बघा. त्यात आठ मेजर थर्ड (सा ते शुद्ध ग एवढी अंतरं) शुद्ध असतात, ए आणि सी शार्पमधला त्यांपैकी एक. समान टेम्परामेंटमधला थर्ड सतत थरथरतो, आणि ओसरत जाणाऱ्या स्वरात ती थरथर जास्त जाणवते. शुद्ध थर्ड शांत उभा राहतो. तार तेवढीच वाजते, पण कानाला कॉर्ड जास्त वेळ धरून ठेवता येतो.

जुनीपट्टी

मी अशाच वाद्यावर नऊ वर्षं वाजवतोय. पहिली दोन वर्षं मलाही हेच वाटत होतं, म्हणून जे हाताने शिकलो तेवढंच सांगतो.

सगळी रजिस्टरं बंद करा. खालचा आठफुटी एकटा ठेवा. सहा महिने पेडलकडे बघूसुद्धा नका. स्वर टिकत नाही म्हणून तुम्ही एकावर एक रजिस्टर घालत गेलात, ते स्वाभाविक आहे, मीही तेच केलं होतं. पण प्रत्येक रजिस्टरबरोबर पट्टी जड होते, सुरुवातीचा आघात मोठा होतो, आणि आघात जितका मोठा तितका मागून येणारा स्वर लहान वाटतो. एकट्या आठफुटीचा आघात लहान असतो, म्हणून त्याची शेपटी ऐकू येते. मला हे कळायला दोन वर्षं लागली याची अजून हळहळ वाटते.

आता हात. पियानोवर आपण पट्टीच्या तळाशी पोचायला शिकतो. इथे स्वर जन्मतो तो वाटेत, पट्टी मध्यावर असताना. बोट पट्टीवर आधीच टेकलेलं ठेवा, नखी तारेला लागल्याचा अडथळा बोटाला जाणवू द्या, आणि मग तेवढ्यापुरताच तो ओलांडा. दंडाचं वजन अजिबात नको. मी रोज दहा मिनिटं एकच स्वर असा वाजवत असे: टेक, जाणीव, सूर. कंटाळवाणं आहे, पण तुमचा खडखडाट त्यानेच जाईल. तो निम्मा पट्टीच्या तळाचा आवाज असतो.

मग कॉर्ड. दांग्लबेरमध्ये चार स्वर एकदम दाबायचे असतात असं कुणी समजू नये. तेच त्या “दगडांचं” कारण. खालून वर उलगडा, प्रत्येक बोट खाली धरून ठेवा, आणि पुढच्या कॉर्डचा पहिला स्वर वाजेपर्यंत मागचं एकही बोट उचलू नका. म्हणजे पेडल पायात नाही, बोटांत आहे. लुई कुपरँचे बेमात्रेचे प्रेल्यूड पाहिलेत का? नुसते पूर्णस्वर आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या लांब वक्ररेषा. कोणता स्वर कुठपर्यंत धरायचा ते बऱ्याचदा त्या रेषाच सांगतात. महिनाभर त्यातला एक प्रेल्यूड वाजवा आणि मग अलमांदकडे परत या. अलमांद छापील मात्रांमध्ये लिहिलेली आहे, पण हात तोच लागतो. आपल्या वाद्याच्या रुंद पट्ट्यांवर हे धरून ठेवणं जड जातं, हे खरं. जुन्या फ्रेंच वाद्यांचं सप्तक आपल्यापेक्षा पाचेक मिलिमीटरने अरुंद असतं. डाव्या हाताला जिथे ताण येईल तिथे मधला स्वर सोडा, खर्ज कधीच सोडू नका.

आणि आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. फ्रांस्वा कुपरँने हार्प्सिकॉर्डवर भाव आणण्यासाठी दोन उपाय सांगितलेत. सस्पेन्शनमध्ये वरचा स्वर किंचित उशिरा घ्यायचा. अ‍ॅस्पिरेशनमध्ये स्वर आधीच तोडायचा. मी दोन्ही तंतोतंत करायचो आणि सस्पेन्शन दर वेळी फसायचं. उशीर करायचो तेव्हा तिथे नुसती भोक पडल्यासारखी रिकामी जागा ऐकू यायची. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की गुंजत्या वाद्यात ती जागा मागच्या स्वरांनी भरलेली असते, आपल्या वाद्यात ती भरायला कुणी नसतं. म्हणून आता सस्पेन्शन घेताना मी खर्जाचा स्वर हलकेच आधी घेतो आणि वरचा स्वर त्या ताज्या खर्जावर टेकवून उशिरा आणतो. खर्ज नवा नसेल तर सस्पेन्शन घेतच नाही. उलट अ‍ॅस्पिरेशन आपल्या वाद्यावर फार सुंदर लागतं. जाड डॅम्पर स्वर स्वच्छ तोडतात. सारबांदेतल्या वाक्याचा शेवटचा स्वर कधी सोडायचा, हळू सोडायचा की पटकन, यावर मी तासन् तास घालवलेत. वाद्य स्वर लांबवून देत नाही, पण त्याचा शेवट कुठे करायचा हे सर्वस्वी तुमच्या हातात देतं.

लयीचंही सांगतो, थोडक्यात. रेकॉर्डिंगची लय विसरा. ती दुसऱ्या वाद्याची, दुसऱ्या खोलीची लय आहे. माझी सारबांद त्याहून थोडी पुढे चालते, आणि लांब स्वरावरची ट्रिल सावकाश सुरू होऊन स्वर संपेपर्यंत चालते. दांग्लबेरच्या तक्त्यात २९ अलंकार आहेत, आणि तरुण बाखने तो तक्ता स्वतःच्या हाताने उतरवून घेतला होता. त्यातले आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक उलगडणं), वर जाणारे आणि खाली येणारे, आधी शिका. आपल्यासारख्यांना तेच खरे उपयोगी पडतात.

खर्जवेडा

जुनीपट्टी यांच्या हाताबद्दलच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. पण “पेडलकडे बघूसुद्धा नका” हे कायमचं धोरण होऊ नये, म्हणून लिहितो.

हे वाद्य म्हणजे फसलेला रुकर्स नाही. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात प्लेयेल आणि एरार या पियानो कंपन्यांनी नवे हार्प्सिकॉर्ड मांडले, १९१२ साली प्लेयेलचं सोळाफुटी असलेलं मोठं मॉडेल वादक वांडा लान्दोव्स्काने ब्रेस्लाउच्या बाख महोत्सवात वाजवलं, आणि तिथून एक वेगळं वाद्य घडत गेलं. दे फाया यांचा १९२६ चा कॉन्चेर्तो आणि पुलँक यांचा ‘काँसेर शाँपेत्र’ त्याच वाद्यासाठी लिहिलेत. लान्दोव्स्काने १९३३ साली केलेलं बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचं रेकॉर्डिंग ऐका. तिच्या रजिस्टर-बदलांचं अनुकरण करा असं म्हणत नाही. ती स्वर कसे वेगळे करते ते ऐका. दोन स्वरांमधली फट ती इतक्या प्रकारांनी घेते की त्या फटीच बोलतात. जुनीपट्टी ज्याला स्वराचा शेवट म्हणतात, ते तिच्याइतकं मला दुसऱ्या कुणाकडे ऐकू आलेलं नाही.

सोळाफुटीही अगदी हवेतून आलेला नाही. हँबुर्गच्या हास या वाद्यकार घराण्याने अठराव्या शतकातच सोळाफुटी बसवले होते. दांग्लबेरला मात्र तो नको, तिथे सगळा गाळ होतो.

मंदसप्तक, तुम्हाला माझा सल्ला असा की एका हाताने दांग्लबेर धरा आणि दुसऱ्या हाताने बाखचा इटालियन कॉन्चेर्तो. १७३५ मध्ये बाखने त्यात फोर्ते (मोठ्याने) आणि पियानो (हळू) स्वतः लिहिलेत, दोन कीबोर्डसाठी. मधल्या संथ भागात उजवा हात खाली एकट्या आठफुटीवर, डावा वर. पियानोवर डाव्या हाताला सतत दाबून ठेवावं लागतं. इथे ते काम कीबोर्ड करतो, आणि तुम्ही मोकळेपणी उजव्या हाताची ती लांबच लांब ओळ ऐकू शकता. ती ओळ बारीक स्वरांनी भरलेली आहे, म्हणजे स्वर टिकवण्याची सोय बाखने लिहूनच ठेवलीय. तुमच्या वाद्यावर ती दांग्लबेरच्या सारबांदेपेक्षा आधी जमेल.

मंदसप्तक

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

जॅकदुरुस्ती काका, तुमचा कागदाचा कपटा! खालच्या आठफुटीत मधल्या सप्तकात अकरा तारांना ल्यूटचा फेल्ट चाटत होता. एफपासून वरच्या ई फ्लॅटपर्यंत सलग अकरा स्वर. म्हणजे सारबांदेतला जवळजवळ सगळा मधला भाग. दीड वर्ष मी त्या फेल्टमधून वाजवत होते आणि वाद्याला नावं ठेवत होते. पेडलचा सांधा घट्ट केला आणि तो भाग उघडला. स्वर अजूनही लवकर विझतो, पण आता विझताना ऐकू येतो, आधी तर झाकूनच टाकल्यासारखा होता.

रजिस्टर थोडं मागे घेतलं. आवाज कमी झाला, दोन दिवस तो पिचका वाटला, तिसऱ्या दिवसापासून खोलीच शांत झाल्यासारखी वाटली. ट्रिल आता तीन ठिकाणी सोडून सगळीकडे चालते. मीनटोन लावायला मला पूर्ण रविवार लागला. पहिला ए मेजर कॉर्ड वाजवला आणि हात उचलवेना. नुसती ऐकत बसले.

जुनीपट्टी, टेक-जाणीव-सूर रोज करते. खडखडाट खरोखरच निम्म्यावर आला. खर्ज आधी घेऊन सस्पेन्शन घेण्याची युक्ती अलमांदेच्या पहिल्या वाक्यात जमली, आणि एकदा जमल्यावर मी ती सगळीकडे घालायला लागले, तेव्हा ती स्वस्त झाली. आता पानात तीनच जागा पेन्सिलने खुणावल्यात. लुई कुपरँचा प्रेल्यूडही चालू आहे. त्यातली एक रेषा डाव्या हाताच्या करंगळीतल्या स्वरापासून निघून पार ओळीच्या शेवटी जाते, आणि मी तो स्वर खरंच तेवढा वेळ धरून ठेवते, तो ऐकू येईनासा झाला तरी. विचित्र वाटेल, पण बोट उचललं की फरक कळतो.

सारबांद अजून मनासारखी नाही. दुसऱ्या भागात लय पुढे नेली की ती नाचायला लागते, मागे ओढली की पुन्हा दगड होतात. इटालियन कॉन्चेर्तोचा मधला भाग मात्र खर्जवेडा म्हणाले तसा लगेच बसला. आईने दारात उभं राहून पूर्ण ऐकला.

वाद्य ठेवतेय. नख्या बदलत नाही. फक्त त्या तीन अडणाऱ्या पट्ट्यांचं काय करू? सी शार्प, डी आणि बी फ्लॅट. पट्टी सावकाश सोडली की नखी तारेवर लटकलेली स्पष्ट दिसते.

जॅकदुरुस्ती

तीनच असतील तर काळजी नको. ते जॅक एकेक करून बाहेर काढा, क्रमांक लिहून ठेवा, आणि जीभ बोटाने मागे ढकलून सोडा. शेजारच्या चांगल्या जॅकची जीभ किती सहज मागे जाते आणि परत येते त्याच्याशी ताडून बघा. ताठ वाटली तर स्प्रिंग अगदी किंचित ढिली करा, त्याहून जास्त नको, नाहीतर जीभ जागेवर परतच येणार नाही. जीभ सहज हलत असेल तर चामड्याच्या टोकाची खालची कड कडक झालीय. बारीक सँडपेपरचा तुकडा फक्त खालच्या बाजूने दोनदा फिरवा आणि परत लावून बघा. पहिल्यांदा बी फ्लॅट करा, पुढे काही चुकलंच तर तो त्या सूटमध्ये सी शार्पपेक्षा कमी उघडा पडतो.